मागच्या सीटखालचा गंज

अण्णा,

तुम्हाला जाऊन आज बावीस दिवस झाले. ह्यांनी वर्तमानपत्रात द्यायला चार ओळी लिहिल्या. पाथर्डीत इतकी वर्षं दवाखाना, शांत स्वभाव, मागे एक मुलगा आणि सून. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "काही राहिलं का?" मी "नाही" म्हटलं. तुमच्या मुलाशी मी एकदा खोटं बोलले होते, हे दुसरं. राहिलं होतं ते चार ओळींत मावणारं नव्हतं, आणि त्यांना सांगण्याआधी ते तुम्हाला सांगायचं होतं.

मी सून होऊन आले तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. हे नगरला नोकरीला. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचे आणि सोमवारी सकाळी परत. मधले दिवस घरात तुम्ही आणि मी. तुम्ही दवाखान्याला कुलूप लावून पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसलेले असायचात. जेवायला वाढलंय, चहा ठेवू का, पोस्टमन येऊन गेला, यापलीकडे दोन वर्षांत आपण काही बोललो असू असं मला आठवत नाही. तुम्ही मला अहोजाहो करायचात. तुम्ही सगळ्यांनाच करायचात, भाजीवालीलासुद्धा, पण मला ते घरात पाहुण्यासारखं ठेवल्यासारखं वाटायचं.

मला बघायला आलात तेव्हा तुम्ही एकच प्रश्न विचारला होता. नर्सिंगची दोन वर्षं झाली होती, शेवटचं राहिलं होतं. तुम्ही विचारलंत, "उरलेलं वर्ष?" माझे वडील घाईघाईनं म्हणाले, "ते आता काही नाही." तुम्ही मान हलवलीत आणि पोह्यांची बशी उचललीत. त्या मान हलवण्याचा मला फार दिवस राग होता.

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी सहा मैलांवर पाझर तलावाचं काम निघालं. एका दुपारी तिथली एक बाई दाराशी आली. हाताचं बोट खडीखाली ठेचलेलं, लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं. "डाक्टर, आता कुलूप लावून बसलात तर आमी कुठं जावं?" एवढंच म्हणाली ती. तुम्ही किल्ली शोधायला उठलात आणि ती सापडेना. मीच फळीवरून काढून दिली. बोट शिवून झालं, ती गेली, आणि तुम्ही मागच्या अंगणात शेडमध्ये जाऊन तुमच्या त्या काळ्या विलायती गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्यात. सासूबाई गेल्यापासून तीन वर्षं ती तशीच उभी होती.

शनिवारी तुमचं आणि ह्यांचं बोलणं झालं. मी आत कणीक मळत होते, पण सगळं ऐकू येत होतं.

"अण्णा, तुमचं वय काय, त्या गाडीचं वय काय."

"इंजिन चालू झालंय. रज्जाकभाई मिस्त्रींनी बघितलं."

"इंजिन म्हणजे गाडी का?"

"सीट तेवढ्या उंदरांनी खाल्ल्यात. त्या शिवून घेऊ."

जाण्याआधी हे मला बाजूला म्हणाले, "तू सगळं आतून उघडून बघ. जरा जरी खोट निघाली तरी मला सांग. मी ती सरळ भंगारात घालतो. या वयात त्यांना त्या रस्त्यावर मी जाऊ देणार नाही." त्यांना तुमची काळजी होती, अण्णा. तुमच्यासमोर त्यांना ती नीट बोलून दाखवता यायची नाही.

सोमवारी आपण कामाला लागलो. गुडघ्यांमुळे तुम्हाला मागच्या बाजूला वाकून शिरता येत नव्हतं, म्हणून पुढचं तुम्ही घेतलंत आणि मागचं मी. दारांच्या आतले पुठ्ठे निघाले, छताचं कापड निघालं, सीटमधला काथ्या घमेल्यानं बाहेर काढला. उंदरांनी त्यात संसार मांडले होते. मागच्या सीटच्या फटीत बांगड्यांचे तुकडे सापडायला लागले. हिरवे, लाल, मोराच्या रंगाचे. मी तळहातावर घेऊन तुम्हाला दाखवले. तुम्ही चष्मा वर केलात. "बाळंतिणी," म्हणालात. "दाराची मूठ धरायच्या घट्ट. रस्ता खराब, गाडी हादरायची." मग स्क्रू फिरवता फिरवता विचारलंत, "मूल आडवं असलं तर बाहेरून हाताला कसं कळतं? शिकवलं होतं का तुम्हाला?"

मी सांगितलं. तुम्ही "हं" म्हणालात आणि दुसरा प्रश्न विचारलात. तो आठवडाभर असंच चाललं. तुमचं डोकं पुढच्या सीटखाली, माझं मागे, आणि तिथून तुमचा आवाज यायचा. अपेंडिक्सचं दुखणं सुरू कुठं होतं? पोराचं अंग कोरडं पडलंय हे कशावरून ओळखायचं? उत्तर चुकलं तर तुम्ही चूक म्हणायचा नाहीत, "पुन्हा बघा" म्हणायचात. रात्री मी ट्रंकेतल्या जुन्या वह्या काढून वाचायला लागले होते. हे तुम्हाला माहीत नव्हतं.

गुरुवारी मी मागच्या बाजूचं रबरी मॅट उचललं. त्याखाली जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचा थर, होता. तो भिजलेल्या पावासारखा हातात तुटून आला आणि त्याबरोबर पत्र्याचे पापुद्रे आले. तांबूस, चुरचुरणारे. मी पेचकस हलकेच टेकवला तर तो आत गेला. आणखी एक ठिकाणी टेकवला, तिथंही गेला. त्या भोकातून खालची शेडमधली जमीन दिसत होती आणि तिच्यावरून मुंग्यांची रांग चालली होती. वीतभर लांब, वीतभर रुंद सगळा भाग नुसता रंगावर तग धरून होता.

तुम्ही पुढून विचारलंत, "मागचा तळ ठीक आहे ना?"

मी म्हणाले, "हो."

मग स्वयंपाकघरात गेले, गोडेतेलाच्या डब्याचं झाकण घेऊन आले, ते त्या भोकावर ठेवलं, वर नवं किंतान अंथरलं आणि मॅट दाबून बसवलं. शनिवारी ह्यांनी विचारलं, "काही खोट?" त्यांनाही मी नाही म्हणाले. सीटला नवं रेक्झीन मी स्वतः शिवलं होतं. शिवण इतकी सरळ आली होती की रज्जाकभाईंनी बोट फिरवून पाहिलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण मला ते माझ्या तोंडानं एकदा सांगू द्या.

पहिल्या दिवशी आपण तलावाच्या कामावर गेलो. बाभळीखाली टेबल मांडलंत. ठेचलेली बोटं, डोळ्यात गेलेल्या कपच्या, आटलेल्या विहिरींच्या गढूळ पाण्यानं झालेले जुलाब. बायका कामावर मिळणारी सुकडी खात रांगेत बसल्या होत्या. तुम्ही मला हाक मारताना "सिस्टर" म्हणालात आणि एक म्हातारी हसायला लागली. "आवं डाक्टर, सुनंला शिस्टर म्हंत्यात व्हय?" तुम्हीही हसलात. तुमचे पुढचे दोन दात पडलेले आहेत हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्याआधी तुम्हाला हसताना मी पाहिलंच नव्हतं.

परत निघताना कामावरच्या राधाबाईला गाडीत घेतलं. सातवा महिना, पायांवर सूज. तिला गावात ठेवून दोन दिवस बघायचं तुम्ही ठरवलं होतं. ती मागे बसली, मी तिच्या शेजारी. ओढ्याच्या उताराला गाडी आपटली आणि राधाबाई बारीक आवाजात म्हणाली, "बाई, माजा पाय खाली गेला." मला आधी कळलंच नाही. मग पाहिलं तर तेलाच्या डब्याचं झाकण तिरकं झालं होतं आणि तिची पोटरी पत्र्यातून खाली गेली होती. मी ओरडले. गाडी हळू होती म्हणून निभावलं. पाय बाहेर काढला तेव्हा गुडघ्याखाली लांब चीर पडली होती आणि तिच्यात गंज भरला होता.

ओढ्याच्या काठावर तुम्ही तिची जखम धुतलीत. आठ टाके घातलेत. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंत. माझ्याशी फक्त कामाचं बोलत होतात, कात्री, कापूस, पकडा, सोडा. राधाबाई एकदाही रडली नाही. तिनंच उलट म्हटलं, "जाऊ द्या, बाई. जुनी गाडी हाय."

घरी आल्यावर तुम्ही गुडघे टेकून मागे वाकलात. तुम्हाला ते किती दुखत होतं ते तुमच्या श्वासावरून कळत होतं. मॅट काढलंत, झाकण हातात घेतलंत.

"हे कुणी ठेवलं?"

"मी."

"कधी?"

"गुरुवारी. मॅट काढलं तेव्हा."

"का?"

मी उभी राहिले. तुम्ही बराच वेळ वाट पाहिलीत. मग म्हणालात, "उद्यापासून तुम्ही माझ्या पेशंटला हात लावायचा नाही." आवाज चढवला नाहीत. ह्यांना तुम्ही काही कळवलं नाहीत, हे मला पुढच्या शनिवारी समजलं. त्यानं मला अधिकच लाज वाटली.

राधाबाई दोन दिवसांनी कामावर परत गेली. घरी बसून तिचं भागणार नव्हतं. जखमेची पट्टी कोण बदलणार, हा विचार मला स्वस्थ बसू देईना. तुमचा हुकूम मोडून मी एक दिवसाआड मिलो ज्वारी घेऊन जाणाऱ्या ट्रकनं तिकडं जायला लागले. तुम्हाला सांगत होते की देवळात बायकांचं वाचन आहे. म्हणजे आणखी एक खोटं. ड्रायव्हर पुढं बसवून न्यायचा. जखम उघडायची, उकळलेल्या पाण्यानं पुसायची, बांधायची, आणि त्याच ट्रकनं मागं. पहिल्या दोन वेळा पू होता. तिसऱ्या वेळी कडा गुलाबी दिसायला लागल्या तेव्हा मी तिच्या खोपटाबाहेर जाऊन पाच मिनिटं नुसती उभी राहिले.

तुम्हीही एक दिवस तिकडं गेलात, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, चपला काढल्यात, पाणी प्यायलात. मी ताट मांडत होते. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "पट्टी फार घट्ट बांधतेस तू. सूज असलेल्या पायाला थोडी सैल ठेवावी."

पहिल्यांदा तू म्हणालात. मी चुलीकडे वळले आणि भाकरी करपेपर्यंत तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी रज्जाकभाई वेल्डिंगचं सामान घेऊन आले. त्यांनी सगळा मागचा तळ मोकळा केला, ठोकून ठोकून कुजका पत्रा पाडला. भोक वीतभराचं होतं, त्याचं खिंडार झालं. ते गाडीखालून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, बाहेरून पानी लागलेलं न्हाई हे. वरून मुरलंय, आतून. कोनी बादल्या वतल्या का काय गाडीत?"

तुम्ही हातातला चिमटा खाली ठेवलात आणि शेडच्या बाहेर गेलात. दुपारी जेवताना, मी काही न विचारता, तुम्ही सांगितलंत. बाळंतीण नेली की, उलटी-जुलाबाचा रोगी नेला की, घरी आल्यावर सासूबाई मागचं दार उघडून गाडी धुवायच्या. फिनेलचं पाणी, दोन बादल्या, तीन बादल्या. तुम्ही तोवर हातपाय धुऊन जेवायला बसलेले असायचात. एवढी वर्षं ते पाणी नमद्यात मुरत राहिलं.

"मला वाटायचं गाडी स्वच्छच असते," तुम्ही म्हणालात. "ती कोण करतं हे मी कधी वळून बघितलं नाही. एकदा बघितलं असतं तर म्हटलं असतं, नुसत्या फडक्यानं पूस गं. तिची कंबरही वाचली असती."

मग तुम्ही बराच वेळ ताटात भात कालवत राहिलात. त्या दुपारी मला सासूबाई पहिल्यांदा घरात असल्यासारख्या वाटल्या. फोटोत त्या नाकात नथ घालून ताठ बसलेल्या आहेत. तेव्हापासून मला त्या पदर खोचून, बादली उचललेल्या दिसतात.

नवा पत्रा बसला. त्याला शेंदरी रंगाचे दोन हात मी दिले आणि या वेळी तुम्ही खुर्ची आणून शेजारी बसून पाहिलंत. नंतरचे सात महिने आपण त्या गाडीतून फिरलो. राधाबाईला मुलगी झाली ती मागच्या सीटवर नाही, नीट दवाखान्यात झाली. मी पुढं तुमच्या शेजारी बसायला लागले होते. तुमच्या प्रश्नांना आता उत्तरं पाठ करावी लागत नव्हती. कधी मीच तुम्हाला विचारायचे आणि तुम्ही म्हणायचात, "थांब, आठवू दे." आपण भांडायचोही. जुलाबाच्या पोराला आईचं दूध चालू ठेवायचं की नाही यावर तर गावापासून तलावापर्यंत आपलं जुंपलं होतं. तुमचं जुनं मत, माझं वहीतलं. तिथं पोचल्यावर तुम्ही एका आईला गुपचूप माझंच मत सांगितलंत. मी ऐकलं होतं, अण्णा. तुम्हाला कळू दिलं नाही.

एक भांडण मात्र अर्धं राहिलं. पावसाळा लागून तलावाचं काम आवरत आलं तेव्हा तुम्ही गाडी चालवता चालवता म्हणालात, "ते उरलेलं वर्ष पुरं कर."

मी म्हटलं, "घर कोण बघणार?"

"मी काय लहान आहे?"

"तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही."

"शिकेन. तू आडवं मूल ओळखायला शिकलीस, मला चहा येणार नाही का?"

"ह्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो. तेव्हा बघायला आलो होतो, तुझे वडील नाही म्हणाले, तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नुसती मान हलवली. ती चूक माझी आहे."

 मला म्हणायचं होतं की त्या मान हलवण्याचा राग मी केव्हाच सोडून दिलाय. रस्त्यात मेंढरं आडवी आली, तुम्ही हॉर्न वाजवलात, आणि बोलणं तिथंच राहिलं. शनिवारी हे आले तेव्हा त्यांना ताप होता. पुढच्या शनिवारी बोलू असं ठरलं. त्याच आठवड्यात बुधवारी दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात आणि मी चारला चहा घेऊन आले तेव्हा उठला नाहीत.

तुमच्या त्या "का?"चं उत्तर असं आहे. मला गाडीची काळजी नव्हती. तलावावरच्या बायकांचीही नव्हती, खोटं कशाला बोलू. त्या चार दिवसांत कुणीतरी मला काहीतरी विचारत होतं. गंजाचं सांगितलं असतं तर गाडी भंगारात गेली असती, तुम्ही खुर्चीत परत गेला असता आणि मी स्वयंपाकघरात. दोघांमधली ती दोन वर्षं पुन्हा सुरू झाली असती. मला तुमचा पुढचा प्रश्न हवा होता. तेवढ्यासाठी राधाबाईचा पाय फाटला.  तुम्ही हे ऐकून काय म्हणाला असता ते मी पुष्कळदा मनाशी बोलून पाहिलं आहे, पण तुमचा आवाज आणता येतो, शब्द आणता येत नाहीत.

काल रात्री ह्यांना मी सगळं सांगितलं. झाकणाचं, ट्रकचं, उरलेल्या वर्षाचं. ह्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "अण्णा माझ्याशी असं कधी बोलले नाहीत." त्यात राग नव्हता. मला त्यांचं फार वाईट वाटलं. त्यांनाही तुम्ही हवे होतात, अण्णा, आणि तुम्ही माझ्या वाट्याला आलात.

रजा संपली, आज सकाळी हे नगरला गेले. नर्सिंगच्या शाळेत अर्जाची चौकशी करून येतो म्हणाले.

ते गेल्यावर थोड्या वेळानं एक बाई आली. लांबच्या वस्तीवरची, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. चार मैल चालत आली होती. तिला तुमचं कळलं नव्हतं. मी सांगितलं, "डॉक्टर गेले. बावीस दिवस झाले." ती ओट्यावर बसली. पोरीचं डोकं पदरानं झाकलं, आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग तुमी हायत ना, बाई?"

मी दवाखान्याचं कुलूप काढलं. हात धुतले. पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळू हळू खाली बसली. जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, पण रडताना पाणी येत होतं. मीठ-साखरेचं पाणी केलं आणि चमच्यानं पाजायला लागले. "दूध पिते का अजून?" मी विचारलं. आई म्हणाली, "पिते, पन तोडू का?"

मी म्हटलं, "नको." आणि म्हटल्याबरोबर तुम्हाला विचारायला खुर्चीकडे वळले.